चाक तापतंय म्हणजे कॅलिपरच गेला, असं नाही

घाटंजी तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांची २०१३ची वॅगनआर आहे, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढचं डावं चाक तापतं, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते आणि ॲव्हरेजही पडलं आहे. गॅरेजवाल्याने न उघडताच ‘कॅलिपर बदला’ सांगितलं. कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणारी डिस्क दोन पॅडांमध्ये चिमटून धरणारा भाग. यवतमाळला जाऊन दिवसभर अडकून पडण्यापेक्षा पार्ट आणून घरीच बदलता येईल का, असा त्यांचा प्रश्न. ट्रॅक्टरची किरकोळ कामं ते स्वतः करतात, पाने घरात आहेत. जाता जाता मागच्या चाकांचंही विचारलं आहे.

येईल, भाऊ. ट्रॅक्टरचा क्लच सेट करणाऱ्या माणसाला कॅलिपर खोलून बसवणं जड नाही, बोल्ट मोजकेच असतात. पण या कामात दोन जागी माणूस फसतो. पहिली जागा काम सुरू होण्याआधीची: दोष कॅलिपरचा आहे की दुसऱ्याच कशाचा, हे न पाहता पार्ट आणायचा. दुसरी शेवटची: ब्रेक ऑईलच्या वाटेत शिरलेली हवा नीट न काढणं. मधलं खोलणं-लावणं त्या मानाने सोपं आहे, म्हणून मी या दोन टोकांवरच जास्त लिहितो.

आधी हे समजून घ्या की कॅलिपरमधला पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग आत नसतेच. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी सील बसलेली असते. पॅडल दाबलं की ऑईलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्यासोबत थोडी मुरडते. पॅडल सोडलं की तीच सील सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचते. तेवढ्यानेच पॅड डिस्कवरचा जोर सोडतो. आता हा केसभर परतावा कशाने अडेल ते बघा. पिस्टनवर गंज चढला, सील कडक झाली, कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या किंवा ऑईल मागे जायची वाटच बंद झाली, तर अडेल. चारही वेळा लक्षण एकच: चाक तापतं. उपाय मात्र चार वेगळे आहेत, आणि त्यातल्या दोनच ठिकाणी कॅलिपरला हात घालावा लागतो.

आपल्याकडे पिना जाम होण्याचं प्रमाण का जास्त, हे पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी काढणाऱ्याला सांगायला नको. काळी माती चाकाच्या आत थापली जाते, वाळली की दगड होते आणि पिनांच्या रबरी बुटावर घासत राहते. बूट फाटला की पाणी आत. मग पेरणीच्या दिवसांत गाडी महिना महिना गोठ्याशेजारी उभी. त्यात वॉशिंग सेंटरवर धुतल्यानंतर खालून डिझेल किंवा जळकं ऑईल मारायची पद्धत. पत्र्याला त्याचा जो काय फायदा व्हायचा तो होवो, ब्रेकच्या रबराला ते विष आहे. ब्रेकच्या सील आणि बूट ज्या रबराचे असतात ते खनिज तेलाने फुगतं. पुढच्या वेळी ‘चाकाच्या बाजूला मारू नको’ असं उभं राहून सांगा, आणि तरी मारलंच तर पैसे देऊ नका.

आता तपासणी. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, शेवटचा टप्पा ब्रेक कमी वापरत या आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, नुसती जवळ न्या. फरक लगेच कळतो. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक काढू नका. त्यातल्या बहुतेक बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे नुसतं ‘हाय’ दाखवतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे अंगणातली बादलीसुद्धा ‘हाय’च असते. डिस्कवर पाणी ओतून बघायचा मोह तर अजिबात नको. तापलेली डिस्क एकदम थंड झाली की वाकडी होऊ शकते, आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायला लागतं.

एक उलटी बाजूही ध्यानात ठेवा. ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो, त्या बाजूला गाडी ओढते. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे जाते पण डावं चाक तापत नसेल, तर चोर उजवीकडे असू शकतो, म्हणजे उजवा कॅलिपर धरतच नसेल. तुमच्या बाबतीत डावं चाक तापतं, म्हणजे संशय डाव्यावरच. पण पुढची तपासणी केल्याशिवाय निकाल देऊ नका.

गाडी पुढून उचला (कशी उचलायची ते खाली सांगतो), गिअर न्यूट्रल ठेवा, चाक हाताने फिरवा. पॅडलवर कोणाला तरी बसवा. त्याने ब्रेक दाबून सोडला की चाक पुन्हा फिरवा. थोडा खसखस आवाज चालतो, पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर चाक धरून राहिलं आहे. आता कॅलिपरच्या वरच्या बाजूला हवा काढायचं निपल असतं, ते पाव फेरा ढिलं करा. थोडं ऑईल बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून पडला होता. म्हणजे दोष कॅलिपरचा नाही, ऑईलच्या वाटेचा आहे. निपल उघडूनही चाक तसंच जाम, तर दोष पिस्टनचा किंवा पिनांचा.

दाब अडकलेला निघाला तर बहुतेक वेळा गुन्हेगार असतो तो रबरी होज पाईप. बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटून नळी बंद व्हायला येते. पाय लावला की जोराने ऑईल पुढे जातं, सोडलं की परत यायला वाट नाही. खात्री करायची तर ब्रेक दाबून सोडल्यावर निपल बंदच ठेवून होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी नळी जोडली आहे, तो नट जरासा ढिला करा. तिथे उघडूनही चाक जाम आणि खाली निपल उघडल्यावरच मोकळं, तर होज बदला आणि कॅलिपरचे पैसे वाचवा. वरचा नट उघडताच चाक सुटलं, तर दोष आणखी वर, पॅडल दाबल्यावर ऑईल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे आहे. दोन्ही पुढची चाकं एकसारखी धरून राहत असतील तरी नजर तिकडेच वळवा. लोखंडी नळीचे नट मऊ असतात, साध्या पान्याने कोपरे गोल होतात. फ्लेअर पाना (नळीवरून घालून नटाचे जवळपास सगळे कोपरे धरणारा) नसेल तर ही तपासणी सोडून द्या. जुन्या गाडीला नवा होज लावला म्हणून काही वाया जात नाही.

दोष कॅलिपरचाच निघाला, तर खालचा पिन-बोल्ट काढून कॅलिपर वर उचला, आणि पॅड काढून दोन्हींची जाडी शेजारी ठेवून बघा. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच झिजला असेल किंवा एकच पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला असेल, तर पिना सरकत नव्हत्या. पिन हाताने ओढून बघा. बोटांच्या जोराने आत-बाहेर व्हायला पाहिजे. कोरडी, तांबूस, फिरता फिरत नाही अशी पिन मिळाली, तर तुमचा रोग तिथे आहे. पिन काढा, रॉकेलने नव्हे तर ब्रेक क्लीनरने आणि फडक्याने साफ करा, भोकातली जुनी ग्रीस काडीला चिंधी गुंडाळून काढा, नवे बूट लावा, ब्रेकची सिलिकॉन ग्रीस पातळशी फासा. चाकाच्या बेअरिंगची पिवळी ग्रीस इथे भरू नका, बूट फुगून पिन परत अडकते. दोन पिना पुष्कळदा सारख्या नसतात. एकीला टोकाशी रबर किंवा वेगळा आकार असतो, म्हणून वरची कोणती आणि खालची कोणती याचा काढतानाच मोबाईलवर फोटो घ्या.

पिना मोकळ्या असतील, तर जुना पॅड पिस्टनसमोर धरून सी-क्लँपने पिस्टन हळूहळू आत दाबा. निपलला नळी लावून ते उघडं ठेवा, म्हणजे जुनं काळं ऑईल वर मास्टरकडे न जाता बाहेर पडेल. पिस्टन एकसारख्या जोराने आत गेला तर बरा. मधेच अडकला, कुरकुरला, तर पिस्टन जाम. इथेही कॅलिपर फेकायची घाई नको. सील आणि बुटाचं किट मिळतं आणि कॅलिपरच्या मानाने ते अगदी किरकोळ दरात येतं. पिस्टन बाहेर काढल्यावर त्याच्या चकचकीत पृष्ठावर गंजाचे खड्डे दिसले नाहीत, तर किटवर काम भागतं. खड्डे दिसले, तर पॉलिश पेपरने घासून चालवू नका. वरचा मुलामा गेला की तो भाग पुन्हा गंजणार आणि नवी सील फाडणार. मग मात्र नवा कॅलिपर. घरी पहिल्यांदाच काम करणाऱ्याला मी किट बदलायला सांगत नाही, कारण पिस्टन हवेने उडवून काढताना बोट मधे सापडलं तर हाड मोडतं. ते काम मिस्त्रीकडे कॅलिपर नेऊन करून घ्या.

नवा घ्यायचा ठरला, तर जुना सोबत घेऊन दुकानात जा किंवा चेसिस नंबर दाखवून मागवा. भंगारातला अजिबात घेऊ नका. डावा-उजवा बघून घ्या. काउंटरवरचा पोरगा बिनधास्त सांगतो, ‘दोन्हीकडचा सारखाच असते भाऊ.’ बोल्ट बसतात, म्हणून तो तसं म्हणतो. पण चुकीच्या बाजूचा लावला की हवेचं निपल खालच्या बाजूला येतं, हवा वर साचते आणि ती जन्मात निघत नाही. कॅलिपर हातात धरून कल्पनेने गाडीला लावून बघा: निपल वर आलं पाहिजे. कॅलिपरसोबत दोन नवे तांब्याचे वायसर, पॅडच्या क्लिपा, पिनांचे बूट, ब्रेक क्लीनर आणि ब्रेक ग्रीस घ्या. पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदला, एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने नको. कॅलिपर दोन्ही बदलावेत असं बरेच जण सांगतात. माझं मत वेगळं आहे. उजव्याच्या पिना सरकतात, पिस्टन सुखाने आत जातो आणि बूट फाटलेला नाही, तर तो राहू द्या, त्या पैशांत दोन्ही होज बदला.

ब्रेक ऑईलच्या बाबतीत मास्टर सिलिंडरवरच्या ऑईलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलं आहे तेच. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, उलटं करू नका, आणि डॉट ५ ही सिलिकॉनची जात वेगळी आहे, ती यात मिसळत नाही. हे ऑईल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक ओल शोषलेल्या डॉट ४साठी हीच मर्यादा १५५वर येते, डॉट ३ची १४०वर. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलात आणि उतरताना ब्रेकवरच गाडी आणली, तर जुन्या, ओल धरलेल्या ऑईलला वाफ धरायला वेळ लागत नाही आणि पॅडल एकदम खाली जातं. म्हणून वर्षभर माळ्यावर पडलेली अर्धी बाटली वापरायची नाही. पुढच्या दोन चाकांना अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली पुरते. चारही चाकांचं जुनं ऑईल काढायचं असेल तर एक लिटर आणा. तेही करून टाकावं असं मी सुचवेन, कारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं आणि आपल्याकडे गाडी विकेपर्यंत कोणी बदलत नाही.

जागा. काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही. ओली असली तर धसते, आणि उन्हाळ्यात भेगा पडलेल्या रानात जॅकचा पाय भेगेच्या काठावर तिरका होतो. घरासमोर सिमेंटचं अंगण नसेल तर ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्याची कड बघा, सपाट आणि कोरडी. जॅकखाली सागाची जाड फळी. हँडब्रेक ओढा (या गाडीत तो मागच्या चाकांवर असतो, म्हणून पुढचं काम करताना उपयोगी पडतो) आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी वर गेली की घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा, जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. घोडी नसेल तर मोटार गॅरेजमधून किंवा वेल्डिंगवाल्याकडून दिवसापुरती आणा. विटा रचून त्यावर गाडी टेकवू नका. भट्टीची वीट वजनाखाली आधी कुरकुरत नाही, थेट फुटते. काढलेलं चाक आणि स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा, तो दुसरा आधार.

स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपर बाहेर येईल. आता एक युक्ती. होज सोडण्याआधी ब्रेक पॅडल इंचभर दाबून सीट आणि पॅडलच्या मधे वेळूची काठी अडकवा. तेवढ्या दाबाने मास्टर सिलिंडरमधली टाकीकडची वाट बंद होते आणि होज उघडला तरी टाकी रिकामी होत नाही. होजला पकड लावून तो चिमटण्यापेक्षा हे शंभरपट बरं. ब्रेक लाईट पेटून राहतात, काम लांबणार असेल तर बॅटरीची एक वायर काढा. कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच होजचा पोकळ बोल्ट ढिला करून घ्या, नंतर लोंबत्या कॅलिपरवर तो सुटत नाही. १२, १४, १७ आणि १९चे पाने आणि निपलसाठी ८ आणि १०चा रिंग पाना जवळ असला की सहसा अडत नाही. डोळ्यांवर चष्मा घाला, वेल्डिंगवाल्याचा पांढरा चालेल. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पॅडची काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. ओल्या फडक्याने टिपा.

कॅलिपर निघाला की त्याला धरणारा ब्रॅकेटही काढा आणि पॅड ज्या खाचांत बसतात त्या तारेच्या ब्रशने पांढऱ्या होईपर्यंत घासा. लोक हेच टाळतात आणि मग नवा पॅड खाचेत अडकून चाक पुन्हा तापतं. क्लिपा नव्या, पॅडच्या कानांना ग्रीसचा नुसता हात, घासणाऱ्या पृष्ठाला बोटसुद्धा नाही. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडून मापून आणा, आणि त्या आकड्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदला. नव्या डिस्कवर गंज न चढावा म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. हबच्या तोंडावरचा गंज साफ केला नाही तर चांगली डिस्कही वाकडी फिरते.

होज जोडताना तांब्याचे वायसर नवेच, बोल्टच्या डोक्याकडे एक आणि कॅलिपरकडे एक. जुना वायसर एकदा दाबला गेलेला असतो, तो पुन्हा हमखास गळतो. होजला पीळ पडलेला नको, आणि त्याच्या टोकाला टेकू असेल तर तो आपल्या खाचेत बसला पाहिजे. जोडून झालं की स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, होज टायरला किंवा कुठल्या काठाला लागतो का.

आवळण्याचे नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस बुकातून घ्या. अंदाजासाठी सांगतो. मारुतीच्या छोट्या गाड्यांत चाकाच्या नटांना साधारण ८५ न्यूटन-मीटर लागतं. फूटभर लांब पान्याच्या टोकावर साधारण २९ किलोचा भार दिला की तेवढं होतं. ब्रॅकेटचे मोठे बोल्ट त्याच घरातले. पण पिनांचे बोल्ट आणि होजचा बोल्ट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतात, फूटभर पान्यावर नऊ-दहा किलो. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. नांगराचा बोल्ट आवळायच्या जोराने होजचा बोल्ट आवळला तर तो मधोमध पोकळ असल्याने तुटतो किंवा कॅलिपरचे आटे जातात. या दोन बोल्टांना लांब पाना लावायचाच नाही.

आता हवा काढायचं काम, सावकाश करायचं. वेळूची काठी काढा, टाकी भरा. निपलला सलाईनची पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या नव्या ऑईलमध्ये बुडवून ठेवा. पॅडलवर घरातल्याच कोणाला तरी बसवा, पण आधी शब्द ठरवून घ्या. ‘दाब’ म्हटलं की त्याने हळू दाबून धरायचं आणि तिकडून ‘धरलं’ म्हणायचं. मग तुम्ही निपल पाव फेरा उघडा, ऑईलसोबत बुडबुडे येतील, पॅडल खाली जाईल. पॅडल खाली असतानाच निपल बंद करा आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणा. आधी सोडलं तर जेवढी हवा काढली तेवढीच परत आत. आमच्याकडे नवरा-बायकोचं भांडण होण्यासारखं दुसरं काम गाडीत नाही, कारण चाकाशी बसलेला ओरडतो आणि पॅडलवरच्याला ऐकू येत नाही. काच खाली करा आणि मुलाला मधे उभा करा.

जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत नेऊ देऊ नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन जिथे पोचत नाही त्या भागात गंज साचलेला असतो, आणि सील तिथवर गेली की फाटते. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. फटाफट पंप मारायलाही सांगू नका, त्याने हवेचा फेस होतो. दर पाच-सहा खेपांनंतर टाकी बघा आणि भरत राहा. ती तळाला गेली तर वरून नवी हवा शिरते आणि मग चारही चाकांची काढावी लागते. नळीतून स्वच्छ, सलग, बुडबुड्याविना ऑईल येईस्तोवर चालू ठेवा. कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके ठोकले की चिकटलेले बुडबुडे वर सुटतात. जोडीला कोणीच नसेल तर निपल उघडून नळी बाटलीत सोडा आणि वजनाने ऑईल आपोआप झिरपू द्या. वेळ लागतो, पण काम होतं. फक्त टाकीवर लक्ष ठेवून बसायचं, चहाला उठायचं नाही.

एबीएसवाल्या गाड्यांना एक इशारा. २०१९च्या एप्रिलपासून आपल्या देशात नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्या एबीएसच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ब्रेक ऑईल ज्यातून जातं त्या ठोकळ्यात, हवा गेली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. तुमच्या गाडीत ते नाही, पण हे वाचून दुसरा कोणी नव्या गाडीवर हात आजमावणार असेल तर त्याने टाकी रिकामी होऊ द्यायचीच नाही.

सगळं बसवलं, चाक लावलं, नट तिरपे समोरासमोर आवळले, गाडी खाली आली. आता गाडी हलवण्याआधी बसून पॅडल पंप करा. दुरुस्तीनंतर पिस्टन पूर्ण आत असतो, पॅड डिस्कपासून लांब असतात आणि पहिलं पॅडल सरळ खाली जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणारे लोक अंगणाच्या भिंतीला धडकतात. पॅडल कडक झालं की इंजिन सुरू करा. पाय ठेवलेला असताना पॅडल थोडं खाली सरकेल, तो पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा परिणाम, तो ठीक आहे. पण दाबून धरलेलं पॅडल अर्ध्या मिनिटात हळूहळू खसत चाललं असेल, तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर गेला आहे. खाली वाकून होजचा बोल्ट आणि निपल कोरडं आहे का बघा. पॅडल मऊ, स्पंजासारखं लागत असेल, तर हवा राहिली. पुन्हा काढा, ‘चालवता चालवता निघेल’ असं काही नसतं.

पहिली चक्कर गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने. ब्रेक धरतो म्हटल्यावर पन्नास-साठवरून पंधरा-वीसवर गाडी सावकाश आणा, पुन्हा वेग घ्या, असं आठ-दहा वेळा, मधे ब्रेक थंड होऊ देत. या काळात पूर्ण थांबून पॅडल दाबून ठेवू नका, तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी आपला ठसा सोडतो. नव्या पॅडला चांगली पकड यायला शे-दोनशे किलोमीटर जातात. तोवर समृद्धीवर १२०ने गाडी काढायची नाही आणि चिखलदऱ्याचा घाटही नको. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

काढलेलं ऑईल बिसलेरीच्या बाटलीत ठेवू नका. पोरांना ते सरबत वाटतं आणि ते विषारी आहे. गोठ्याजवळ, विहिरीजवळ, बांधावर ओतायचं नाही. रिकाम्या ब्रेक ऑईलच्याच बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे पोचवा.

घरी करू नका असं मी कधी सांगेन? लोखंडी नळीवर गंजाचे पोपडे असतील तेव्हा. निपल तुटलं तेव्हा. आणि मागेही डिस्क असलेल्या गाडीचा मागचा कॅलिपर असेल तेव्हा. बऱ्याच गाड्यांत तो पिस्टन नुसता दाबून नाही तर फिरवून आत घालावा लागतो, बटणाच्या हँडब्रेकला तर स्कॅनर लागतो. अशा वेळी तालुक्याचा मिस्त्री घरी बोलवा. भाडं आणि मजुरी मिळून टोइंगपेक्षा स्वस्तच पडतं.

राहिली मागची चाकं. तुमच्या वॅगनआरला मागे ड्रम आहेत, त्यांना या कामासाठी खोलायची गरज नाही. फक्त ड्रमच्या मागच्या प्लेटच्या खालच्या काठावर बोट फिरवा. बोटाला ओलं लागलं तर ड्रममधला ब्रेक ढकलणारा व्हील सिलिंडर गळतो आहे. हँडब्रेक सात-आठ दात ओढूनही गाडी उतारावर सरकत असेल, तर ड्रम उघडून आतली माती काढा, लायनर बघा आणि ॲडजस्टर मोकळा करून घ्या. ते काम सोपं आहे, पण स्प्रिंगा काढण्याआधी फोटो घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बघून जोडता येते.